नॅस पुन्हापुन्हा अडकतोय? आधी घड्याळ बघा

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावातले कारखाने, राजारामपुरीतले फोटो स्टुडिओ, शाहूपुरीतली अकाउंटची ऑफिसं अशा ठिकाणी नॅस, म्हणजे सगळ्या ऑफिसच्या फायली एकाच जागी ठेवणारा नेटवर्कवरचा डिस्कचा डबा, बसवायचं आणि सांभाळायचं काम मी करतो. सगळीकडून येणारी तक्रार जवळपास एकाच शब्दांत असते: ‘सर, नॅस स्लो झालाय. मधेच बरा चालतो, मग परत अडकतो.’ कुणीतरी येतं, स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडायची पेटी, बंद-चालू करून जातं, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग मालक वैतागून नवा नॅस घ्यायला निघतात. माझं म्हणणं एवढंच की पैसे काढण्याआधी हा त्रास नेमका केव्हा होतो ते लिहून काढा. वारंवार येणाऱ्या दुखण्याची वेळ कळली की निम्मं निदान तिथंच होतं.

त्याआधी स्पीड आणि लेटन्सी या दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. स्पीड म्हणजे एका सेकंदात किती डेटा येतो. लेटन्सी म्हणजे मागणी केल्यापासून उत्तर हातात येईपर्यंत किती थांबावं लागतं. गिगाबिट, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटच्या नेटवर्कवर (आठ बिट म्हणजे एक बाइट) एक मोठी फाईल सेकंदाला साधारण ११० मेगाबाइटनं कॉपी होते. हा आकडा दिसला की ‘नेटवर्क ओके’ म्हणून सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतली जाते. पण कॅडवर, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, असेंब्ली उघडणाऱ्या मुलाला एक मोठी फाईल नकोच असते. त्याची असेंब्ली म्हणजे चारशे पार्टच्या चारशे छोट्या फायली. त्यातल्या प्रत्येक फाईलसाठी विंडोज नॅसकडे फेऱ्या मारतं: ही फाईल आहे का, मला परवानगी आहे का, उघडून दे, साइज सांग, हा भाग वाचू दे, आता बंद कर. किराणा दुकानात यादी न देता एकेक जिन्नस मागत बसावं तसा हा प्रकार आहे. गोदाम कितीही मोठं असलं तरी वेळ जाण्यायेण्यातच जातो.

हिशोब मांडून बघा. एका पार्टमागे दहा फेऱ्या धरल्या तर चारशे पार्टना चार हजार फेऱ्या होतात. केबलवर एक फेरी ०.३ मिलिसेकंदात होत असेल तर सगळ्या फेऱ्या मिळून १.२ सेकंद. वायफायवर तीच फेरी ५ मिलिसेकंदांवर गेली की २० सेकंद. व्हीपीएनवरून, म्हणजे लांबून इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून, ३० मिलिसेकंद लागत असतील तर पूर्ण २ मिनिटं. फाईल तीच, नॅस तोच, माणूसही तोच. म्हणून दहा गिगाबिटचा स्विच आणूनसुद्धा ‘फरक काय पडला नाही’ असं ऐकायला मिळतं.

आपल्याकडे दुखणं कुठलं आहे हे बघायला एक साधी चाचणी पुरते. तीन-चार गिगाबाइटची एकच फाईल नॅसवरून पीसीवर कॉपी करा. मग तेवढ्याच वजनाचा, पण हजारो छोट्या फायलींचा फोल्डर कॉपी करा. मोठी फाईल सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास रखडत असेल तर तुमची लिंक कुठंतरी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर आलेली आहे आणि प्रश्न सरळ केबलचा आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिट दोन जोड्यांवर भागवतं. त्यामुळे उंदरानं एक तार कुरतडली किंवा आरजे४५, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, नीट क्रिम्प झाला नाही तरी नेट चालू राहतं, फक्त दहा पट हळू. टास्क मॅनेजरमध्ये किंवा नेटवर्क कार्डाच्या स्टेटसमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथं १०० दिसलं तर बाकी काही वाचायची गरज नाही, केबल बदला. मोठी फाईल झरझर आली आणि छोट्या फायलींनी जीव काढला, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

वहीत काय लिहायचं

ऑफिसात एक वही ठेवा. अडकलं की लगेच वेळ, कुठला पीसी, कुठला फोल्डर, अंदाजे किती सेकंद आणि त्या वेळी आसपास काय चालू होतं एवढं लिहायचं. आठवडाभर हे केलं की बहुतेक वेळा ओळ लागते. लोकांच्या आठवणीवर विसंबू नका. ‘दिवसभर स्लो असतं’ असं सांगणाऱ्यांच्या नोंदी प्रत्यक्षात दिवसातल्या एका तासात एकवटलेल्या असतात.

सकाळी पहिली फाईल आणि जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली फाईल दहा-पंधरा सेकंद घेत असेल आणि मग सगळं सुरळीत चालत असेल, तर डिस्क झोपलेल्या असतात. वीज वाचवायला बऱ्याच नॅसमध्ये ठरावीक मिनिटं काम नसलं की डिस्क फिरायच्या थांबतात आणि पुन्हा पूर्ण वेगानं फिरायला वेळ घेतात. सेटिंगमध्ये डिस्क हायबरनेशन बंद करा, निदान कामाच्या वेळेत तरी. सारखं थांबणं-फिरणं डिस्कच्याही तब्येतीला चांगलं नाही.

रोज एकाच वेळी अडकत असेल तर कुठलं तरी ठरवून ठेवलेलं काम चालू होतंय. बॅकअप, अँटिव्हायरसचा फुल स्कॅन, स्नॅपशॉट, फोटोंचं इंडेक्सिंग ही नेहमीची मंडळी. रात्री अकराला सुरू केलेला बॅकअप डेटा वाढत गेल्यावर सकाळी दहापर्यंत रेंगाळायला लागतो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. बॅकअपच्या लॉगमध्ये सुरू व्हायची वेळ सगळे बघतात. संपायची वेळ बघा.

महिन्यातून एकदा दीड-दोन दिवस सगळंच जड होत असेल तर रेडची (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडतात त्या रचनेची) तपासणी, म्हणजे स्क्रबिंग, चालू असतं. डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड असेल तर ही तपासणी मुळातच महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर लावलेली असते. १२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १८० मेगाबाइटनं वाचायची म्हटली तरी अठरा तासांच्या वर जातात, आणि वर काम चालू असेल तर त्याहून कितीतरी जास्त. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही. तुमची सुट्टी ज्या वारी आहे त्याच्या आदल्या रात्री ही तपासणी लावा आणि तिच्या वेगाला मर्यादा घाला. ती कायमची बंद मात्र करू नका. डिस्कच्या कोपऱ्यात दडलेला खराब सेक्टर याच तपासणीत सापडतो. नाहीतर तो डिस्क बदलताना, नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना म्हणजे ऐन रिबिल्डमध्ये डोकं वर काढतो.

एकाच पीसीवर त्रास असेल तर नॅसला हात लावू नका. त्या पीसीची पॅच कॉर्ड, स्विचवरचा पोर्ट आणि त्यावरचा अँटिव्हायरस या क्रमानं बघा.

आणि काही वेळा नोंदींचा संबंध कॉम्प्युटरशी लागतच नाही. असं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण कोल्हापुरात फाउंड्रींची संख्या बघता ते बऱ्याच जणांच्या कामी येईल.

भट्टी चालू, फाईल बंद

शिरोलीतली एक फाउंड्री. नॅस पुढच्या ऑफिसात, डिझाइनची केबिन शेडच्या मागच्या टोकाला. केबल शंभर मीटरच्या मर्यादेत होती, लिंक पूर्ण गिगाबिट दाखवत होती, मोठी फाईलही बऱ्या वेगानं येत होती. तरीही असेंब्ली उघडताना स्क्रीन मधेच गोठायची. त्याच नॅसवर पुढच्या ऑफिसातल्या लोकांना काहीच त्रास नव्हता. वहीतल्या वेळा बघितल्या तर एखाद्या दिवशी सकाळी, एखाद्या दिवशी संध्याकाळी. बॅकअपशी मेळ नाही, स्कॅनशी नाही. शेवटच्या रकान्यात मात्र एका मुलानं प्रत्येक नोंदीपुढे लिहून ठेवलं होतं: ‘भट्टी चालू’. विचारल्यावर म्हणाला, ‘सर, भट्टी लागली की आमची फाईल बसती बघा.’ शेजारी उभे असलेले मेस्त्री हसले, ‘आवं, भट्टी कुटं आणि कॉम्प्युटर कुटं!’

पण मुलाचं निरीक्षण पक्कं होतं. डिझाइनच्या पीसीवरून नॅसच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला, सलग पिंग (‘आहेस का’ विचारून उत्तर यायचा वेळ मोजणारी आज्ञा) लावून ठेवला. साधा पिंग अगदी छोटं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पाठवतो, म्हणून साइज वाढवून १४०० बाइटचं केलं. पॅकेट लांब असलं की मार खायची शक्यता वाढते. इंडक्शन भट्टी बंद असताना सगळी उत्तरं एक मिलिसेकंदाच्या आत. भट्टी चालू झाल्यावरही बहुतेक उत्तरं एक मिलिसेकंदाच्या आतच, पण अधूनमधून एखादं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. सरासरी काढली असती तर दोन्ही वेळा आकडा झकास आला असता. माणसाला त्रास सरासरीचा होत नाही, मधेच हरवलेल्या त्या एका पॅकेटचा होतो. म्हणून पिंग बघताना शेवटची सरासरीची ओळ सोडा आणि सगळ्यात मोठा आकडा आणि हरवलेली पॅकेटं बघा.

एक पॅकेट हरवल्यानं एवढं काय बिघडतं? मोठी फाईल कॉपी होत असताना हरवलेल्या पॅकेटच्या मागून दुसरी पॅकेटं येत असतात, त्यामुळे मधलं एक गेलंय हे पाठवणाऱ्याला लगेच कळतं आणि तो ते पुन्हा पाठवतो. छोट्या मागणीत मागून येणारं काही नसतंच. पाठवणारा टायमर संपेपर्यंत नुसता वाट बघतो. लिनक्समध्ये हा टायमर कमीत कमी २०० मिलिसेकंदांचा असतो, आणि दुसऱ्यांदा पाठवलेलंही हरवलं तर वाट दुप्पट होते. ०.३ मिलिसेकंदाच्या कामाला २०० मिलिसेकंद लागले, म्हणजे शेकडो फेऱ्यांचा वेळ एका पॅकेटनं खाल्ला. चार हजार फेऱ्यांत अशी वीस पॅकेटं गेली तर चार सेकंद नुसते थांबण्यात जातात, आणि त्या वेळी स्क्रीन मेल्यासारखी दिसते.

मॅनेज्ड स्विचवर, म्हणजे ज्याची सेटिंग आणि आकडे बघता येतात त्यावर, प्रत्येक पोर्टचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, काउंटर असतो. डिझाइनच्या पोर्टचा काउंटर शून्यावर आणून ठेवला. भट्टी बंद असताना तो जागचा हलला नाही, भट्टी चालू झाल्यावर चढायला लागला. मग केबलचा मागोवा घेत शेडमधून चालत गेलो. नेटवर्कची केबल भट्टीच्या पॉवर केबलच्याच ट्रेमधून, झिप टायनं तिलाच बांधून नेलेली होती. ओढायला सोपं म्हणून कुणीतरी तयार रस्ता धरला होता.

खर्च करायच्या आधी एक तात्पुरती केबल दुसऱ्या भिंतीकडून जमिनीवरूनच टाकली आणि भट्टी चालू असताना काउंटर बघितला. शून्य. मालकांना तो आकडा दाखवल्यावर पुढचं बोलायला लागलंच नाही. शेडमधून ऑप्टिकल फायबर नेली, दोन्ही टोकांना फायबर साध्या केबलला जोडणारे मीडिया कन्व्हर्टर बसवले. फायबर काचेची, तिच्यावर विद्युत चुंबकीय गोंधळाचा परिणाम होत नाही. वर दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला किंवा जवळपास वीज पडली तर तांब्याच्या केबलमधून पोर्ट जळतात, तो धोकाही गेला. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताना तांब्याची केबल वापरूच नये अशा मताचा मी आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरून गेलेल्या केबलच्या जोडात पाणी शिरतं, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, आणि ‘पावसाळ्यात नॅस स्लो होतो’ अशी तक्रार येते. त्या तक्रारीला हसू नका. तीसुद्धा वेळेचीच नोंद आहे.

सीसीटीव्हीचं एक वेगळं सांगतो. कॅमेरे आणि पीसी एकाच साखळीतल्या जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर असतील तर सोळा कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटनं ६४ मेगाबिट कायम खातात. उरलेल्या जागेत फायलींनी रांग लावायची. कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर वेगळ्या स्विचवर न्या. आणि रेकॉर्डिंग त्याच नॅसवर, त्याच डिस्कवर घेऊ नका.

डिस्कपाशी लागलेली रांग

नेटवर्क स्वच्छ निघालं की मग डिस्क. नेटवर्क स्वच्छ आहे हे ठरवायला दोन्ही टोकांना आयपर्फ चालवा. तो डिस्कला हात न लावता नुसत्या वायरीचा वेग मोजतो. तिथं ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला आणि पिंगमध्ये खळगे नसले की नेटवर्कचा पिच्छा सोडा.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्यात हेड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे साधारण आठ-नऊ मिलिसेकंद मिळवा. एका विखुरलेल्या मागणीला बारा-तेरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपास मागण्या पुऱ्या करते. हा भौतिक हिशोब आहे. कुठल्याही कंपनीची डिस्क घेतली तरी यात फार फरक पडत नाही. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या डिस्कला, हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास जमतं.

आता चार डिस्कचं रेड ५ घ्या. एक छोटा बदल लिहायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढायला ठेवलेला हिशोब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. चार डिस्क मिळून ३२० कामं करतात, भागिले चार, उरतात ८०. छोट्या विखुरलेल्या लिखाणात चार डिस्कचं रेड ५ एका डिस्कएवढंच पळतं. नॅसमधली रॅम हे काही काळ झाकून ठेवते, पण सगळे एकदम सेव्ह करायला लागले की झाकण उडतं. अकाउंटच्या ऑफिसात महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास, जीएसटी रिटर्नच्या गडबडीत नॅस ‘अचानक’ बसतो तो यामुळेच. रेड १० मध्ये, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाते त्या पद्धतीत, एका लिखाणाला दोनच कामं लागतात. जागा कमी मिळते, पण अनेक जण एकदम लिहिणार असतील तर मी रेड १० च सुचवतो.

रांगेचा नियमही लक्षात ठेवा. डिस्क निम्मा वेळ कामात असेल तर वाट बघून काम व्हायला ढोबळमानानं दुप्पट वेळ लागतो, ८० टक्के कामात असेल तर पाचपट, ९० टक्के असेल तर दहापट. बारा मिलिसेकंदांचे एकशेवीस होतात. म्हणून ८० वरून ९० टक्क्यांवर जाताना वापर थोडाच वाढलेला असतो आणि त्रास दुप्पट झालेला असतो. ‘काल बरं होतं, आज काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथं असतं. एक नवा माणूस रुजू झाला, एक नवा बॅकअप लागला, बस्स.

नॅसच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये प्रत्येक डिस्कची लेटन्सी वेगवेगळी बघा. लिनक्सवर आयओस्टॅटमध्ये ‘अवेट’ नावाचा रकाना असतो. चारही डिस्क साधारण सारख्या दिसल्या पाहिजेत. तीन डिस्क बारा-पंधरावर आणि चौथी तीनशेवर दिसली तर ती डिस्क मरायला टेकलीय. खराब सेक्टर पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करत ती सगळ्यांना थांबवून ठेवते. स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातला, ५ नंबरचा आकडा म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर. हे वाढत असतील तर आधी बॅकअप तपासा, मग डिस्क बदला, याच क्रमानं. १९९ नंबर वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली असते. तिची केबल किंवा बेमधला, म्हणजे डिस्क बसते त्या खणातला, जोड तपासा. फाउंड्रीच्या आवारात वाळूची आणि कोळशाची बारीक धूळ पंख्यात बसते आणि डिस्क तापतात, तेव्हा पंखेही साफ करून घ्या.

नवी डिस्क घेताना ती सीएमआर, म्हणजे माहितीच्या पट्ट्या शेजारीशेजारी असलेली, आहे याची खात्री करा. एसएमआर प्रकारात माहितीच्या पट्ट्या एकमेकांवर चढवलेल्या असतात, त्यामुळे विखुरलेलं लिखाण आणि रिबिल्ड दोन्ही रखडतं. स्वस्त पडली म्हणून घेतलेली अशी एक डिस्क सगळ्या रेडला मागं ओढते. दुकानदाराला मॉडेल नंबर विचारा आणि कंपनीच्या यादीत स्वतः बघा.

वीज गेल्यानंतर नॅस स्लो होत असेल तर दोन गोष्टी संभवतात. अचानक बंद पडल्यामुळे रेडची फेरजुळणी चालू असते. ती संपेपर्यंत धीर धरायचा आणि यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडायची, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतःहून नीट बंद होईल. दुसरं, सर्व्हरमध्ये रेड कार्ड असेल तर त्याची बॅटरी मेलेली असू शकते. बॅटरी गेली की कार्ड राइट-बॅक (आधी स्वतःच्या मेमरीत घेऊन मग सवडीनं डिस्कवर लिहिणं) सोडून राइट-थ्रूवर येतं, प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर जाईपर्यंत थांबतं, आणि लिहिणं एकदम मंदावतं. बॅटरी बदलली की काम होतं. सेटिंगमधून जबरदस्तीनं राइट-बॅक चालू करून देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. वीज गेली की डेटा जाईल.

विंडोजच्या बाजूचं

इथं थोडक्यात सांगतो. जुन्या, काढून टाकलेल्या सर्व्हरचा मॅप ड्राइव्ह लाल फुलीसकट तसाच राहिला असेल तर एक्सप्लोरर त्याला शोधत बसतं. तो डिस्कनेक्ट करा. नॅसला पक्का आयपी द्या, राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा. स्टुडिओवाल्यांनी हजारो फोटोंच्या फोल्डरवर थंबनेल नको, तपशीलाची यादी लावावी, आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीत ‘पिक्चर्स’ऐवजी ‘जनरल आयटम्स’ निवडावं. नाहीतर लग्नाचा फोल्डर उघडल्याबरोबर प्रत्येक फोटो वाचायला घेतला जातो. चालू वर्षाच्या फोल्डरमध्ये सगळं कोंबण्यापेक्षा कामानुसार फोल्डर पाडा. डिस्कची जागा ८० टक्क्यांवर गेली की जुनी कामं हलवायला लागा.

विंडोज ११ चं २४एच२ अपडेट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. त्यात विंडोजच्या प्रो आणि एंटरप्राइझ प्रकारांत एसएमबी (विंडोज नॅसशी फायलींसाठी बोलतं ती भाषा) साइनिंग, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर सही, मुळातच सक्तीची झाली. जुन्या, कमजोर प्रोसेसरच्या नॅसला ही सही जड जाते. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर हे कारण तपासा. उपाय म्हणून साइनिंग बंद करायला मी सांगणार नाही, आणि एसएमबी१, म्हणजे तिची जुनी आवृत्ती, पुन्हा चालू करायला तर अजिबात नाही. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगभर कॉम्प्युटर बंद पाडले ते त्याच दारातून शिरून. नॅसचं फर्मवेअर अपडेट करा, आणि अपडेट येणं बंद झालं असेल तर तो नॅस खरोखरच बदलायच्या वयाला आलाय.

अँटिव्हायरस नॅसवरही आणि प्रत्येक पीसीवरही तीच फाईल उघडताना तपासत असेल तर एका बाजूचं काम रात्रीवर ढकला. दोन्ही बाजू बंद करणं परवडणारं नाही.

पैसे घालायचेच असतील तर

दोन एसएसडी घ्या, आरशासारख्या एकाच माहितीच्या, म्हणजे रेड १ मध्ये लावा आणि चालू काम त्यावर ठेवा. झालेलं काम हार्ड डिस्कवर हलवत चला. एसएसडी कॅशेपेक्षा (वारंवार लागणारी माहिती नॅस आपोआप एसएसडीवर ठेवतो ती सोय) मला हे जास्त पटतं, कारण काय कुठं आहे हे माणसाला माहीत असतं. कॅशेचा फायदा तीच तीच माहिती पुन्हा लागते तेव्हाच होतो, आणि एकाच एसएसडीवर लिहिण्याची कॅशे लावली आणि ती गेली तर अजून डिस्कवर न उतरलेला डेटाही तिच्याबरोबर जातो. रॅम वाढवणं हा दुसरा खर्च, तो सहसा वाया जात नाही.

जंबो फ्रेमच्या, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पॅकेटांच्या, नादी छोट्या ऑफिसनं लागू नये. एखादा प्रिंटर किंवा स्विच त्यात बसला नाही की नवंच अडकणं सुरू होतं आणि कारण शोधताना घाम फुटतो. दोन केबल जोडून लिंक ॲग्रिगेशन केल्यानं एकट्या पीसीची असेंब्ली लवकर उघडत नाही. एक जोडणी साधारण एकाच केबलवरून जाते. माणसं जास्त असतील तर त्याचा उपयोग आहे, थांबायचा वेळ मात्र तेवढाच राहतो.

राहता राहिली दोन ठिकाणी ऑफिस असलेल्यांची गोष्ट. कारखाना गोकुळ शिरगावात, ऑफिस शहरात आणि एक शाखा पुण्याला किंवा मुंबईला, असं असेल तर व्हीपीएनवरून थेट फाईल उघडू नका. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या घरात धरलं तरी जाऊन यायला जवळपास चार मिलिसेकंद, तेही रस्ता सरळ असेल तर. प्रत्यक्षात वळसे आणि राउटर त्यात भर घालतात. जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊन हे अंतर कमी होत नाही. अशा वेळी नॅसच्या शेजारी, त्याच स्विचवर एक चांगला पीसी ठेवा आणि लांबच्या माणसाला रिमोट डेस्कटॉपनं त्या पीसीवर काम करू द्या. चार हजार फेऱ्या त्या खोलीतच होतील, बाहेर फक्त स्क्रीन जाईल. शेअर फोल्डरवर चालणाऱ्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरलाही हीच पद्धत लावा, कारण त्यात प्रत्येक एंट्रीला लॉक मागायच्या फेऱ्या असतात. भारी ग्राफिक्सचं कॅड रिमोटवर जमत नसेल तर दोन्हीकडे नॅस ठेवून रात्री सिंक लावा, आणि एक फाईल एका वेळी कोण उघडणार याची शिस्त आधी ठरवून घ्या. दोन्हीकडे एकाच दिवशी तेच ड्रॉइंग बदललं तर कुठलं खरं हे सिंकला कळत नाही.